माजघर आणि कायदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात मंडळाचे कौतुक करावे असा रिवाज आहे. पण ते काम चिटणीसबाईंच्या अहवालाने केलेच आहे. म्हणून मी आज जरा निराळा विषय घेते. सरकारने आणि कायद्याने माणसाच्या खासगी आयुष्यात कोठवर शिरावे, हा तो विषय. हा पुरुषांच्या राजकारणाचा प्रश्न, आपल्याला त्याचे काय, असे पुष्कळजणींना वाटते. परंतु ह्या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रात जो मोठा वाद पेटला, तो एका बाईच्या खटल्यावरून पेटला होता.

व्यक्तिस्वातंत्र्यवादी मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे : सज्ञान माणूस आपल्या देहाचा व जीविताचा धनी आहे. दुसऱ्याला इजा होत असेल तेवढ्यापुरतेच सरकारने त्याच्यावर बळ वापरावे. एरवी त्याला त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे. जॉन स्टुअर्ट मिल ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५९ साली हा विचार मांडला, आणि आगरकरांसारखी आपल्याकडील माणसे तो वाचूनच वाढली. ऐकायला हे सोपे वाटते. पण ‘माणूस’ म्हणजे कोण? घरातला कर्ता पुरुष, की घरातले प्रत्येक माणूस? सारी गोम येथे आहे.

रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लावून देण्यात आले. त्या नांदायला गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्या घरी राहून त्यांनी वाचन वाढविले. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, की बायकोला माझ्या घरी पाठवा. दुसऱ्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी तो फेटाळला. अजाणपणी लावून दिलेल्या लग्नासाठी तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करता येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. पुढे अपील झाले, निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला : महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जा, नाही तर सहा महिने कैद. रखमाबाईंनी सांगितले की कैद पत्करीन, पण जाणार नाही.

ह्यातली मौज पाहा. नांदायला लावण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच. तो इंग्लंडातल्या धर्मपीठांच्या न्यायालयांतून येथे आला. आणि ज्या १८८४ साली येथे दावा लागला, त्याच साली इंग्लंडने असा हुकूम मोडणाऱ्यास तुरुंगात घालण्याची तरतूद काढून टाकली! तरीही येथे ‘धर्म बुडाला’ म्हणून ओरड झाली ती रखमाबाईंच्या नावाने.

ह्या वादात आपल्या गावचे थोर पुरुष रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूस होते, हे सांगितलेच पाहिजे. लोकमान्यांचे जन्मस्थान टिळक आळीत आहे. त्यांच्याविषयी आपणा सर्वांना अभिमान आहे, मलाही आहे. पुढे १८९० साली कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीसंगाने मरण पावली, आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहाचे बारा झाले. टिळकांनी त्या कायद्यालाही विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा लोकांनी आपखुशीने करावी, हे त्यांचे म्हणणे. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी मुलींची लग्ने सोळाच्या आत न करण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे, असेही त्यांनी सुचविले होते. म्हणजे त्यांना बालविवाह प्रिय होता असे नव्हे.

सरकारविषयीची त्यांची शंका मला पटते. सरकारच्या हाती दिलेली सत्ता सहसा परत मिळत नाही. पण ‘माजघरात सरकार नको’ हे तत्त्व रखमाबाईंच्या खटल्याला लावून पाहा. तेथे माजघरात सरकारला कोणी बोलावले? नवऱ्याने! बायकोला ओढून आणण्यासाठी शिपाई आणि तुरुंग त्यानेच मागितला. सरकारने खरोखर बाजूला राहायचे म्हटले असते, तर रखमाबाई आपल्या घरी सुखाने राहिल्या असत्या. आणि फुलमणीचे काय? दहा वर्षांच्या पोरीची संमती कसली? स्वातंत्र्याचे तत्त्व मिलनेही सज्ञानांपुरतेच सांगितले आहे. लेकराला इजा होत असता हात बांधून बसणाऱ्या सरकारला स्वातंत्र्याचा कैवारी म्हणता येणार नाही.

१८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली व दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. नांदायला न गेल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली गेली. मात्र दावा गेला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात, नव्वदी ओलांडून, रखमाबाई निवर्तल्या.

१९८३ साली आंध्र प्रदेशाच्या हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. आता ते नवरा-बायको दोघांनाही सारखेच लागू आहे, हे खरे. पण आपल्याकडे पोटगी मागणाऱ्या बाईला उत्तर म्हणून ही नोटीस येते, आणि बाई घाबरून जाते. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. एवढे झाल्यावरही, कोणी कोणापाशी राहावे ह्याचा हुकूम कोर्टाने का द्यावा, हे मला समजत नाही. मोडलेला संसार हुकुमाने सांधत नाही.

मग आपण काय करावे? निदान माहिती तरी घरोघर पोचवावी. कलम ९ ची नोटीस आली तर ती फाडू नये, कोर्टात आपले म्हणणे मांडावे. हुकूम झाला तरी पोलीस हाताला धरून सासरी नेऊ शकत नाहीत. हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर एकत्र राहणे न झाल्यास घटस्फोट मागता येतो. तेव्हा गाफील राहून चालणार नाही. परंतु तेवढ्यावरून पोटगी बुडत नाही. न जाण्यास सबळ कारण असेल तर ती मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो.

कोणत्याही नव्या कायद्याची चर्चा निघाली की आपण दोनच प्रश्न विचारावे. हा कायदा कोणाला बळ देतो? आणि ज्या माणसावर ते बळ चालणार, त्याची संमती कोणी विचारली आहे काय? हे प्रश्न बायका विचारू लागल्या म्हणजे राजकारण माजघरापर्यंत आले असे मी समजेन. आणि ते आलेले मला आवडेल.