सुटीचें घर



"घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून" ही म्हण मीं छत्तीस वर्षें वर्गांत शिकविली. दोन्ही कार्यांत खर्च अंदाजाबाहेर जातो, एवढाच तिचा अर्थ मी फळ्यावर लिहून देत असें. साठीच्या उंबरठ्यावर तिचा दुसरा अर्थ मला स्वतःच्या गांठीच्या पैशानें शिकावा लागला. घर उभें राहिलें म्हणजे काम संपलें असें ज्यास वाटतें, त्यानें घर पाहिलेंच नाहीं, हा तो अर्थ. आज ज्या घराविषयीं मी बोलणार आहें तें आमच्या राहण्याचें घर नव्हे. सुटींत चार दिवस मौज करावयास येणाऱ्या परक्या माणसांना भाड्यानें देण्यासाठीं तें घेतलेलें आहे. हल्लीं मध्यम स्थितींतल्या पुष्कळ कुटुंबांत असें घर घेण्याचा विचार चालतो. म्हणून आमचा अनुभव सांगण्याचें धाडस करतों.

मी जळगांवजवळच्या असोद्याचा. बहिणाबाई चौधरींचें माहेर म्हणून आणि वांग्याच्या भरताचें गांव म्हणून आपण त्यास ओळखतां. मॅट्रिक होऊन मी शिक्षक झालों आणि २०१७ सालीं निवृत्त झालों. थोडी वडिलोपार्जित शेती, गांवांतलें धाब्याचें घर आणि निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली रक्कम, एवढीच माझी मालमत्ता. मुलगा पुण्यास इंजिनियर आहे. २०१८ च्या दिवाळींत तो घरीं आला तो एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका घेऊनच. खोपोलीजवळ २०१३ सालीं 'इमॅजिका' हें मोठें मनोरंजन-उद्यान उघडलें आहे. त्याच्या आसपास टुमदार घरें बांधलीं जात आहेत. उद्यानास येणारीं कुटुंबें तेथें उतरतील आणि रात्रीचें भाडें देतील, असा त्या पुस्तिकेचा मथितार्थ होता. "नाना, बँकेत पैसा नुसता पडून राहतो," मुलगा म्हणाला. "घर घेतलं तर ते कमवील, आणि मे महिन्यात आई आणि तुम्ही तिथं जाऊन राहाल." आईचें नांव निघाल्यावर माझा विरोध अर्धा ओसरला.

घाटमाथ्यावर हवा खाण्यासाठीं घर बाळगण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. १८६३ सालीं बोरघाटांतून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या धनिकांनीं खंडाळा-लोणावळ्यास बंगले बांधले. माथेरानला १९०७ सालीं छोटी गाडी गेली, आणि तेथेंही तसेंच झालें. परंतु त्या बंगल्यांनीं धन्यास पोसावें अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. धनीच बंगल्यास पोशीत असे. एके काळीं खोपोली म्हटलें कीं टाटांचें १९१५ सालचें वीजगृह आठवे. पुढें २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति-मार्ग पुरा झाला, उद्यानें आलीं, आणि आमच्यासारख्या नोकरदारांस बंगल्याची ऐपत नसतांना बंगल्याची इच्छा झाली. ही उणीव भाड्यानें भरून निघेल, असा आमचा हिशेब होता.

प्रथम एका दलालानें आम्हांस डोंगराच्या पायथ्याशीं कांहीं गुंठ्यांचा तुकडा दाखविला. माझ्या नांवें असोद्यास सात-बारा आहे हें कळतांच त्याचा चेहरा खुलला. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें बिगर-शेतकऱ्यास शेतजमीन सहसा विकत घेतां येत नाहीं, मला मात्र येत होती. परंतु १९४७ चा तुकडेबंदीचा कायदाही आहे. त्यांत वेळोवेळीं सवलती झाल्या असल्या, तरी असा तुकडा घेण्यापूर्वीं शंभरदां विचारावें लागतें. शिवाय शेतांतलें घर शेतकऱ्याच्या स्वतःच्या उपयोगासाठीं असतें. तेथें रोज नवे पाहुणे उतरविणें ही वेगळी गोष्ट होय. आमच्या गांवच्या एका अनुभवी गृहस्थांनीं एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, रस्ता कोणाच्या मालकीचा?" दलालास उत्तर देतां आलें नाहीं. तो नाद आम्हीं सोडला. नंतर जें घर घेतलें तें बिनशेती जमिनीवरचें, मंजूर नकाशाचें, आणि २०१७ पासून सुरू झालेल्या महारेरा या प्राधिकरणाकडे नोंदलेल्या योजनेंतलें होतें. कागदांच्या बाबतींत आम्ही फसलों नाहीं, हें समाधान आजही आहे. फसलों तें अंकगणितांत, आणि अंकगणित तर मी जन्मभर शिकविलें!

घराची किंमत ४२ लाख, मुद्रांक व नोंदणी मिळून ३ लाख, पलंग, गाद्या, भांडीं, पंखे आणि वातानुकूलन यांस ५ लाख. एकूण ५० लाख रुपये लागले. त्यांपैकीं २२ लाख माझे, बाकीचें मुलाचें कर्ज. घर चालविण्याचें काम एका व्यवस्थापक मंडळीनें पत्करलें आणि तीन वर्षें ठराविक भाड्याची हमी दिली. हमीचा कागद मीं दोनदां वाचला. हमी देणाऱ्याची ऐपत मात्र एकदांही पाहिली नाहीं. २०१९ भर भाडें वेळेवर आलें. मार्च २०२० मध्यें साथ आली, उद्यानास कुलूप लागलें, भाडें थांबलें, आणि थोड्याच दिवसांत त्या मंडळीचा दूरध्वनीही लागेनासा झाला.

त्या वर्षीं ऑक्टोबरांत आम्ही पितापुत्र तेथें गेलों. घाटमाथ्यावरचा पाऊस आम्हां खानदेशी माणसांच्या कल्पनेंत बसत नाहीं. जळगांवास वर्षाकांठीं सातशें मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यास चार हजारांहून अधिक. घाटाखालीं खोपोलीसही त्याचा मारा कांहीं कमी नसतो. दार उघडलें तों कुबट वास आला. गाद्यांवर हिरवी बुरशी, कपाटांचीं दारें फुगलेलीं, विजेच्या तारा उंदरांनीं कुरतडलेल्या. मुलगा भिंतीस टेकून उभा राहिला आणि कांहींच बोलेना. माझे २२ लाख त्याच्या डोळ्यांपुढें उभे आहेत हें मला दिसत होतें.

इतक्यांत मागच्या अंगणांतून कोणी तरी आलें. तो आमच्या घराचा राखणदार, शेजारच्या वाडींतला. व्यवस्थापक मंडळीनें त्याला मार्चपासून पगार दिलेला नव्हता, ही गोष्ट आम्हांस तेव्हां कळली. तरी तो पावसाळाभर दर दोन-चार दिवसांनीं येऊन गच्चीवरच्या पन्हळींतला पाचोळा काढीत होता. मीं विचारलें, "पगार नव्हता, मग कशाला येत होतास?" तो म्हणाला, "गुरुजी, पन्हळ तुंबली असती तर पाणी आत शिरलं असतं." एवढेंच. आमच्या पुस्तिकेंत उद्यान होतें, डोंगर होता, भाड्याची हमी होती. हा माणूस कोठेंच नव्हता. मीही माझ्या वहींत त्याच्यासाठीं रकाना आंखला नव्हता. त्याचा सात महिन्यांचा पगार आम्हीं दुसऱ्याच दिवशीं चुकता केला, परंतु मनाची खंत तेवढ्यानें फिटली नाहीं.

त्यानंतरच्या दोन दिवाळ्यांत मुलानें त्या घराचा विषय काढला नाहीं. आपण वडिलांचा पैसा बुडविला असें त्याच्या मनानें घेतलें होतें, आणि मी कांहीं बोलत नसल्यामुळें तें त्यास अधिकच खरें वाटत होतें. शेवटीं एके रात्रीं मींच जुनी वही काढली आणि म्हटलें, "ये, बेरीज-वजाबाकी करूं." पैसा बुडाला कीं नाहीं हें पाहावयाचें, तर आधीं तो कोठें जातो हें पाहिलें पाहिजे. तेव्हांपासून आम्ही दरवर्षीं एकत्र बसून हिशेब करतों. २०२४-२५ चा हिशेब वाचून दाखवितों.

वर्षाचे आठवडे ५२. बहुतेक पाहुणे शुक्रवार-शनिवारींच येतात, म्हणजे चांगल्या रात्री १०४. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांतल्या थोड्या रात्री त्यांत मिळवाव्या, परीक्षांच्या दिवसांतल्या वजा कराव्या. आमच्या हातीं ९६ रात्री लागल्या. सरासरी ६,००० रुपयांप्रमाणें उत्पन्न झालें ५,७६,०००. आतां खर्च. पाहुणे मिळवून देणाऱ्यांची दलाली ८६,४००, राखणदाराचा पगार १,४४,०००, वीज ६०,०००, वसाहतीची वर्गणी ४८,०००, धुलाई व साफसफाई ५०,०००, गळती आणि रंग ६०,०००, कर व विमा २०,०००. खर्चाची बेरीज ४,६८,४००. शिल्लक १,०७,६००. पन्नास लाखांवर हें शेंकडा दोनाहून किंचित अधिक पडतें. तीच रक्कम बँकेच्या मुदत ठेवींत असती, तर त्या वर्षीं सव्वातीन लाखांच्या आसपास व्याज सहज मिळालें असतें. मुलाच्या कर्जाचे हप्ते तर मीं यांत धरलेलेच नाहींत. बँकेंत पैसा पडून राहतो असें आम्ही म्हणत होतों. आतां कळतें कीं तो तेथें निमूटपणें काम करीत असतो, आणि त्याच्या गाद्यांना बुरशी येत नाहीं.

उद्यान जवळ असलें म्हणजे घर चालेलच, हीही एक समजूतच होय. मुंबईजवळ गोराईचें एस्सेलवर्ल्ड १९८९ सालीं उघडलें, तेव्हां एका पिढीचें तें स्वप्न होतें. २०२२ च्या सुमारास तेथले पाळणे थांबले. इमॅजिकावरही कर्जाचा भार चढला आणि २०२२ सालीं तें संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलें. तें आज चालू आहे, ही आमच्यासारख्यांच्या दैवाची गोष्ट. उलट उद्यान भरभराटींत असूनही घरें बुडतात. अमेरिकेंत फ्लॉरिडा राज्यांत ऑर्लँडोजवळ १९७१ सालीं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलें आणि पुढें किसिमीच्या आसपास सुटीच्या घरांच्या वसाहतीच्या वसाहती उठल्या. तिकडे राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला समजाविलें कीं, तेथें कोणत्या भागांत थोड्या दिवसांच्या भाड्यास परवानगी आहे हें प्रथम पाहावें लागतें. सहा महिन्यांपर्यंतच्या अशा भाड्यावर राज्याचा विक्रीकर आणि वर परगण्याचा पर्यटन-कर द्यावा लागतो. वसाहतीची वर्गणी निराळीच. २००८ च्या सुमारास तेथें घरांच्या किमती कोसळल्या. उद्यानाचे दरवाजे उघडेच होते, तरी हप्ते न फेडतां आल्यामुळें कित्येकांचीं घरें गेलीं. गर्दी उद्यानाच्या फाटकापाशीं असते. हप्ता आपल्या उंबऱ्याशीं येतो.

आतां कोणी विचारील कीं, गुरुजी, मग असें घर घेऊंच नये काय? मी तसें म्हणत नाहीं. परंतु तें घेणारानें आपण मालमत्ता घेत नसून धर्मशाळा चालवावयास घेत आहों, हें स्वतःशीं कबूल करावें. वसाहतीच्या नियमांत रोजच्या भाड्यास मनाई नाहीं ना, हें लेखी पाहावें. विकणाऱ्यानें सांगितलेल्या रात्री निम्म्या कराव्या आणि खर्च दीडपट करावा. इतकें करूनही हिशेब जमला तरच पुढें जावें. घर भर आषाढांत पाहावें. मे महिन्यांत प्रत्येक भिंत कोरडीच असते. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करावा, कारण पाहुण्यांचा कर्णा रात्रीं वाजतो तेव्हां शिव्या मालकास पडतात. पाहुण्यांच्या जिवाची जबाबदारीही थोडी आपली असते. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागच्या धबधब्यांत एका कुटुंबांतलीं पांच माणसें वाहून गेलीं. तेव्हांपासून पावसाळ्यांतल्या प्रत्येक पाहुण्यास आमचा राखणदार पाण्यांत न उतरण्याविषयीं स्वतः बजावतो. आणि सर्वांत आधीं असा माणूस शोधावा; घर मागाहून शोधावें. त्याचा पगार, पाहुणे येवोत वा न येवोत, पहिल्या तारखेस द्यावा.

मुलानें मध्यंतरीं घर विकून टाकूं म्हटलें. आम्हीं तशी चौकशीही केली. त्याच वसाहतींतले दोघे जण वर्षभर गिऱ्हाईकाची वाट पाहात बसलेले आढळले. विकलें असतें तर राखणदाराच्या घरची चूल कशी चालली असती, हाही विचार मनांत आला. परंतु केवळ त्यासाठीं ठेवलें असें म्हणणें म्हणजे फुकटचा मोठेपणा घेणें होईल. खरी गोष्ट ही कीं मुलाच्या पगारांतून हप्ते निघतात, वहीचें शेवटचें पान तो आणि मी एकत्र लिहितों, आणि त्याची आई दरवर्षीं श्रावणांत आठ दिवस तेथल्या ओट्यावर बसून समोरच्या डोंगरावरचें पाणी पाहते. तिनें उभ्या आयुष्यांत एवढें पाणी पाहिलें नव्हतें. हें सुख मी जमेच्या रकान्यांत मांडीत नाहीं. खर्चाच्या रकान्यांत मांडतों, आणि तो खर्च मला परवडतो कीं नाहीं हें दरवर्षीं नव्यानें पाहतों. ज्यांना परवडत नसेल त्यांनीं दोन दिवस दुसऱ्याच्या घरीं भाडें देऊन राहावें. डोंगर तोच दिसतो, आणि पन्हळ दुसरा कोणी तरी साफ करतो.