दुकानातील उचलेगिरी आणि नोकराचा हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी व्याख्यात्याने संतवाङ्मयावर बोलावे, शिवकालावर बोलावे, निदान बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाच्या कर्तव्यावर तरी बोलावे, अशी रीत आहे. कार्यवाहांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'दुकानातील चोरी' असे उत्तर दिले आणि टेलिफोनच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. ती शांतता आम्ही संमतीदर्शक मानली. विषय क्षुल्लक वाटेल हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु गेल्या वसुबारसेपासून तो आमच्या मनातून जात नाही, आणि ज्या गोष्टीत आपला स्वतःचा थोडाबहुत दोष आहे तिच्यावर बोलताना माणूस निदान पोपटपंची तरी करीत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सहकुटुंब येथल्याच, नेहरू नगरातल्या एका मोठ्या दुकानात वाणसामान घेण्यास गेलो होतो. दुकान नव्या पद्धतीचे. म्हणजे माल आपणच फळीवरून काढावयाचा, ढकलगाडीत घालावयाचा आणि शेवटी पैसे देण्यासाठी रांगेत उभे राहावयाचे. दिवाळीची गर्दी होती. आमच्यापुढे चार माणसे असताना एक इसम रांग टाळून दाराकडे निघाला. त्याच्या जाकिटाखाली तुपाचे दोन डबे आहेत हे आमच्या दृष्टीस पडले आणि आम्ही मोठ्याने ओरडलो, "अरे, पकडो उसको!" गल्ल्यापाशी पिशव्या भरून देणारा वीस-एकवीस वर्षांचा मुलगा हातातली पिशवी तशीच टाकून धावला. बाहेर, मोटारी लावण्याच्या जागेत त्याने त्या इसमाची कॉलर धरली. त्या इसमाने हिसडा देऊन त्याला ढकलले. मुलगा दगडी कठड्यावर पडला, त्याचे मनगट मोडले. चोर साथीदाराच्या मोटारसायकलवर बसून जी. ई. रोडच्या वाहतुकीत दिसेनासा झाला. एक डबा पडून फुटला होता, दुसरा गेला.

हे सारे अर्ध्या मिनिटात घडले. त्या अर्ध्या मिनिटात आम्ही ओरडलो, आणि धावला तो. आमचे वय पन्नाशी ओलांडलेले आहे, गुडघे दुखतात, ही सबब खरी आहे. पण आम्ही तिशीत असतो तरी तेराशे रुपयांच्या तुपासाठी धावलो असतो काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर नाही.

चार दिवसांनी आम्ही त्या मुलाची चौकशी करण्यास गेलो. धमध्याच्या बाजूच्या खेड्यातून आलेला, सुपेल्यात तिघांत एक खोली घेऊन राहणारा मुलगा. हात प्लास्टरमध्ये. मालकाने औषधाचे पैसे दिले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु रजेच्या दिवसांचा पगार मिळेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. आम्ही मालकांना भेटलो. गृहस्थ सभ्य, चहा मागविला. म्हणाले, "साहब, हमने कब कहा था उसको दौड़ने के लिए?" उत्तर बिनतोड होते. कोणीच सांगितले नव्हते. मग तो धावला कशासाठी? हे त्या मुलानेच आम्हांस सांगितले. मागील महिन्यात मोजणीत माल कमी भरला होता आणि त्या तुटीची रक्कम मजल्यावरील पाच-सहा पोरांच्या पगारातून वाटून कापली गेली होती. तो मालकाचे तूप वाचवीत नव्हता, स्वतःचा पगार वाचवीत होता.

येथे थोडे मागे जावयास हवे. आपल्यापैकी अनेकांचे बालपण फळीमागे बसणाऱ्या वाण्याच्या दुकानाशी जोडलेले आहे. यादी द्यावी, वाण्याने जिन्नस तोलून पुड्या बांधाव्यात, वहीत मांडावे. त्या दुकानात गिऱ्हाइकाचा हात मालापर्यंत पोहोचतच नसे. पोहोचला तर तो शेंगदाण्याच्या पोत्यापर्यंत, आणि तेवढे दाणे हिशेबाबाहेर समजले जात. गिऱ्हाइकाने स्वतः माल काढून घ्यावयाचा ही कल्पना अमेरिकेत मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स या गृहस्थाने १९१६ साली 'पिगली विगली' या दुकानात आणली. विक्रेते कमी लागतात आणि मोकळ्या हाताने गिऱ्हाईक चार वस्तू अधिक उचलते, हे त्यातले गणित. आपल्याकडे १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगार-वस्तीतून 'अपना बाजार'ची सहकारी चळवळ उभी राहिली, पुढे तिची मोठी भांडारे झाली. आणि या शतकाच्या आरंभापासून 'बिग बझार', 'डी-मार्ट' यांसारखी दुकाने गावोगाव पसरली. त्यांतले पहिले नाव आज राहिलेले नाही, पद्धत मात्र राहिली.

सांगण्याचा मुद्दा असा की, माल उघडा ठेवावयाचा आणि माणसे कमी ठेवावयाची, हा मालकाने आपल्या फायद्यासाठी घेतलेला निर्णय आहे. त्या निर्णयात थोडी उचलेगिरी गृहीतच असते. फायदा ज्याच्याकडे जातो, त्याच निर्णयातून निघणारी तूट मात्र पिशव्या भरणाऱ्या पोराच्या खिशातून आणि त्याच्या मनगटातून भरून काढावयाची, हे कोणत्या न्यायाने?

कायदा काय म्हणतो ते पाहू. सरकारी कागदांत आयुष्य गेल्यामुळे कलम उघडून पाहिल्याशिवाय आम्हांस चैन पडत नाही. खासगी व्यक्तीने गुन्हेगारास अटक करण्याचा अधिकार १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४० मध्ये आहे. मात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडलेला हवा, आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र, दोन्ही हवा. शिवाय धरलेल्या माणसास विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. आता गंमत पाहा. चोरीचा गुन्हा जुन्या दंडसंहितेत सरसकट दखलपात्र व अजामीनपात्र होता. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा आहे. आणि अशी चोरी अनुसूचीत अदखलपात्र व जामीनपात्र दाखविली आहे. तुपाचे दोन डबे तेराशे रुपयांचे. पळणारा माणूस पहिलटकर आहे की मुरलेला, हे त्याच्या पाठीवर लिहिलेले नसते. म्हणजे, जो अधिकार आपणास आहे असे समजून आम्ही ओरडलो आणि तो मुलगा धावला, तो अधिकार बहुधा त्याला नव्हताच.

मालमत्तेच्या संरक्षणाचा हक्क मात्र आहे, आणि तो दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीही आहे. चोरी चालू असताना, आवश्यक तेवढ्याच बळाने, चोर माल घेऊन निसटेपर्यंत तो वापरता येतो. पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तर तोही राहत नाही. आमच्या सामान्य बुद्धीस याचा अर्थ असा लागतो की, डबा धरता येतो. माणूस धरण्याचे काम पोलिसांचे. पण जाकिटाखालचा डबा माणसाला न धरता कसा धरावयाचा, हे कोणत्याच कलमात लिहिलेले नाही. शिवाय धरलेल्या चोराने निसटण्यासाठी हात उगारून दुखापत केली, तर त्याच क्षणी साध्या चोरीचे जबरी चोरीत रूपांतर होते. माल तोच, पण गुन्हा मोठा होतो आणि समोर उभा असलेला निःशस्त्र नोकर अधिक धोक्यात येतो.

इतर देशांतही हा प्रश्न गाजतो आहे. २०२२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधील हिल्सबरो येथे 'होम डेपो' या दुकानातील ८३ वर्षांचा एक वृद्ध कर्मचारी, माल घेऊन निघालेल्या इसमास अडवू लागला, ढकलला गेला आणि पुढे त्या दुखापतीने मरण पावला. उलटपक्षी २०२३ साली जॉर्जिया राज्यात चोरांच्या मागे दारापर्यंत जाणाऱ्या दोन विक्रेत्या स्त्रियांना 'लुलुलेमन' या कंपनीने नियम मोडला म्हणून कामावरून काढले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात, ज्यांचे काम सुरक्षेचे नाही अशा नोकरांना चोरांस अडविण्यास भाग पाडू नये असे कलम एका विधेयकात होते. दुकानदारांच्या विरोधामुळे ते गळले आणि उरलेला कायदा संमत झाला. त्या दोन स्त्रियांस काढणे आम्हांस पटत नाही. क्षणाच्या उसळीला शिक्षा नसावी. पण नियमामागचा विचार खोटा नाही.

आपल्याकडे मात्र धोका दुहेरी आहे. तेथे नोकर एकटा पडतो. येथे हाक दिली की गर्दी जमते, आणि गर्दीला मनगट नसते, नुसत्या मुठी असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये केरळात अट्टप्पाडी येथे दुकानातून तांदूळ वगैरे चोरल्याच्या संशयावरून एका आदिवासी तरुणास लोकांनी धरले, बांधले, मारले, त्याच्यासह छायाचित्रे काढली. तो त्याच दिवशी मरण पावला. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने चौदा जणांना दोषी ठरविले. त्यांतील कोणीही सकाळी घरून निघताना खून करावयास निघाला नसेल. 'पकडो' ही आरोळी आपण देतो तेव्हा ती कोणाच्या कानी जाईल आणि तिचे काय होईल, हे आपल्या हाती राहत नाही. त्या संध्याकाळी आमच्या आरोळीने एक मनगट मोडले. चोर सापडला असता तर काय मोडले असते, हा विचार आम्हांस रात्री उशिरा सुचला.

आणि धरलेला माणूस चोर नसला तर? आमच्या परिचयातील एक आजी, वय सत्तरीपुढचे, एका दुकानात घेतलेली लोणच्याची बरणी कापडी पिशवीत ठेवून दुसऱ्या दुकानात गेल्या. निघताना दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याने पिशवी ओढली. बिल सापडले, सर्वांनी क्षमा मागितली, कोणीतरी खुर्ची दिली. आजी खुर्चीवर बसल्या नाहीत आणि त्या दुकानात पुन्हा गेल्या नाहीत. पोलिसांनादेखील स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनतेची बूज राखून घ्यावी असे कायद्याचे बंधन आहे. दरवाज्यावरच्या शिपायाला ते कोण सांगणार? खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. त्याखालील केंद्राच्या नमुना नियमांत पहारेकऱ्यास किमान १६० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. पिशव्या भरणाऱ्या मुलास यांपैकी एकही तास मिळालेला नसतो.

आता दुसरी बाजू. सभागृहात दोन-तीन दुकानदार सभासद बसलेले दिसतात आणि त्यांच्या कपाळावरील आठ्याही दिसतात. ते म्हणतील, साहेबांना पगार पहिल्या तारखेस मिळतो, त्यांना काय कळणार! हे म्हणणे रास्त आहे. शंभराच्या विक्रीत पाच रुपये सुटतात असे धरले, तर तेराशेचे नुकसान भरून काढण्यास सव्वीस हजारांचा माल विकावा लागतो. लहान दुकानात असे महिन्यातून चारदा झाले तर दिवाळी कसली! आणि चोरास कोणी अडवीतच नाही असे एकदा गावात कळले, म्हणजे त्याला मोकळे रानच. यावर आमचे म्हणणे एवढेच की, मालकाने स्वतःच्या मालासाठी स्वतःचा जीव किती पणास लावावा हे त्याने ठरवावे. आम्ही त्यास भित्रा म्हणणार नाही आणि मूर्खही म्हणणार नाही. पण नोकराच्या बाबतीत ठरविण्याचा अधिकार त्याला नाही, आणि गिऱ्हाइकास तर मुळीच नाही.

नोकराने काय करावे? पुढे होऊन "भाऊ, बिल राहिले का?" एवढे विचारावे. पुष्कळ हात एवढ्या प्रश्नाने जाकिटाबाहेर येतात. नाहीच आला, तर चेहरा व गाडीचा क्रमांक ध्यानात ठेवावा, ११२ ला कळवावे आणि दार अडवू नये. मालकाने तूप, बाळाच्या दुधाची भुकटी, दाढीची पाती असला महाग आणि लहान माल गल्ल्याजवळ, नजरेसमोर ठेवावा. वाण्याच्या फळीचे शहाणपण अगदीच टाकाऊ नव्हते.

आणि पगारातील कपात बंद करावी. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही मालाच्या तुटीबद्दल कपात केव्हा करता येते ते स्पष्ट आहे: माल त्या नोकराच्या ताब्यात विशेषकरून सोपविलेला हवा, नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे झालेले हवे, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिलेली हवी. सर्व पोरांत तूट वाटून टाकणे यात कोठेही बसत नाही. आम्ही हे त्या मालकांना दाखविले. त्यांनी कलम दोनदा वाचले, चष्मा पुसला, आणि "देखते हैं" म्हणाले. पुढील महिन्यात त्या मुलाचा रजेचा पगार मात्र मिळाला.

प्लास्टर निघाल्यावर तो पुन्हा त्याच गल्ल्यापाशी उभा आहे. मनगट पुरते वळत नाही, त्यामुळे जड पिशव्या तो डाव्या हाताने देतो. परवा आम्ही त्याला विचारले, असे पुन्हा झाले तर धावशील काय? त्याने मालकाच्या केबिनीकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "साहब, पैसा कटेगा तो दौड़ना पड़ेगा."

 दुकानदार सभासदांना काही बोलावयाचे असेल, तर चहापूर्वी अजून वीस मिनिटे आहेत.