मिझुना, कोमात्सुना आणि माझं चुकलेलं गणित

आज पाहुणा वगैरे कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "तू शनिवारी गायब कुठे असतोस?" तर शेतावर असतो. जपानमध्ये चिबा प्रांतात याचिमाता म्हणून एक गाव आहे, तिथे. गेले दोन वसंत ऋतू मी तिथल्या एका भाजीच्या शेतावर हाताखाली काम करतोय. पगार नाही. दुपारचं जेवण आणि येताना पिशवीभर भाजी, एवढाच व्यवहार.

आधी जरा नकाशा सांगतो. मी राहतो टोकियोच्या निशी-कासाई भागात. २००० सालाच्या आसपास भारतातले आयटीवाले जपानला यायला लागले, त्यातले बरेच इथे स्थिरावले. आज इथे रस्त्यात मराठी कानावर पडतं, किराणा दुकानात पोहे मिळतात. हा भाग येतो एदोगावा वॉर्डात, आणि मजा म्हणजे कोमात्सुना नावाची जी पालेभाजी जपानभर खातात, तिचं नाव याच वॉर्डातल्या कोमात्सुगावा या जागेवरून पडलंय. आठवा शोगुन, तोकुगावा योशिमुने, १७१९ साली इकडे बहिरी ससाणा घेऊन शिकारीला आला, त्याला सूपमध्ये ही भाजी वाढली, त्याला आवडली आणि त्यानेच नाव दिलं, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी माहीत नाही, पण एदोगावात आजही कोमात्सुना पिकते. मी तीन वर्षं तिला "जपानी पालक" समजून खात होतो. ती पालक नाहीच! मोहरीच्या कुळातली आहे, सलगमची चुलत बहीण म्हणा. मिझुना पण त्याच कुळातली. कातरलेली पानं, पांढरे बारीक देठ, चवीला किंचित तिखट, सॅलडमध्ये कच्ची खायची. ती मूळची क्योतोकडची. तिचीच एक बहीण मिबुना, तिची पानं कातरलेली नसतात, लांब पट्टीसारखी असतात.

आता शेत. निशी-कासाईहून ट्रेन बदलत दीड तास लागतो. शेतकरी एकाहत्तर वर्षांचे. नाव नाही सांगत, त्यांना आवडणार नाही. आपण त्यांना काका म्हणूया. काका-काकू दोघंच, हेक्टरभराच्या आतलं शेत, वर्षभरात चाळीसेक प्रकारच्या भाज्या, आणि अठ्ठावीस घरं. अठ्ठावीस घरं म्हणजे त्यांचं मार्केट. दर आठवड्याला प्रत्येक घराला एक पेटी जाते. पेटीत काय असेल ते काका ठरवतात, किंमत ठरलेली.

याचिमाता भुईमुगासाठी जपानभर प्रसिद्ध आहे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे धूळ. तिथली माती काळीभोर. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आमच्याकडे पण काळी माती!" काकांनी एक मूठ हातात दिली. मंडळी, ती मूठ म्हणजे कॉफीची पावडर होती. आपली काळी माती चिकण, पावसात बुटाला किलोकिलो चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. यांची माती ज्वालामुखीच्या राखेची. हलकी, भुसभुशीत, खुरपं लोण्यातून जावं तसं जातं. पण ती फॉस्फरस धरून ठेवते, पिकाला सहज देत नाही. आणि हिवाळाभर पाऊस कमी, भुईमूग काढून रानं उघडी, त्यात वसंताच्या सुरुवातीला दक्षिणेचा जोरदार वारा सुटतो. मग ती सगळी माती आकाशात. याला तिथे नावच आहे, "याचिबोकोरी". म्हणजे याचिमाताची धूळ. दात चावले की कचकच.

हे सगळं का सांगतोय? कारण मी तिथे जो घोळ घातला त्यात हा वारा पण आहे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चार वाफे पेरले. दोन कोमात्सुनाचे, दोन मिझुनाचे. खत म्हणून बोकाशी, म्हणजे भाताचा कोंडा आणि पेंड आंबवून केलेलं. काकूंच्या हातचं असतं ते, वास ताकासारखा येतो. वाफ्यावर कमानी रोवायच्या, वर प्लॅस्टिकचा कागद ताणायचा, कडा मातीत गाडायच्या. बोगदा तयार. काकांचा नियम असा की मार्च संपेपर्यंत बोगदा काढायचा नाही. फक्त फार ऊन असेल तर दुपारी एका बाजूने थोडा उघडायचा आणि चारच्या आत परत बंद.

माझ्या नजरेतून हे किती कटकटीचं होतं! वारा आला की कागद उडतो. एका आठवड्यात दोनदा फाटला. काकांची कंबर दुखते, आणि ते रोज उठून चार वाफ्यांचे कागद गाडत बसतात. मी इंजिनिअर माणूस. मी दोन सेन्सर लावले, एक बोगद्यात, एक बाहेर. दर दहा मिनिटांनी तापमान, सगळं फोनवर. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेरची दिवसाची सरासरी दहाच्या वर गेली. रोपं तोवर बोटभर झाली होती. मी ग्राफ काढला, किती उष्णता मिळाली की किती दिवसांत काढणीला येईल याचा हिशोब मांडला आणि काकांना दाखवला. म्हटलं, आता कागदाची गरज नाही. फक्त पातळ जाळी ठेवू, ती वाऱ्याला अडवत नाही, उडणार नाही. आठवडाभर उशीर होईल, बस.

काकांनी फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, तुला वाटतंय ना, मग तीन वाफ्यांवरचा काढ. एक माझ्यासाठी ठेव.

काढले. वारा आला, काही उडालं नाही. मी खूश.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शनिवारी गेलो तर मिझुनाच्या मधोमध दांडे उभे राहिलेले. कोमात्सुनाचं पण तेच. पानं लहान आणि चिवट, वर कळ्यांचे झुपके. आपल्याकडे कांद्याला डेंगळे येतात ना, किंवा कोथिंबीर फुलावर येते, अगदी तसं. तीनही वाफे! आणि कागदाखालचा चौथा वाफा मस्त, गुडघ्याच्या खाली दाट हिरवा.

काय झालं होतं ते नीट सांगतो, कारण हे मला नंतर रात्री जागून वाचावं लागलं. या भाज्यांना बी उगवल्यापासूनच थंडी कळते. साधारण बारा-तेरा अंशांच्या खालची थंडी बरेच दिवस लागली की त्यांच्या आत नोंद होते, हिवाळा होऊन गेला. मग दिवस मोठा झाला, ऊब आली की त्या पानं वाढवायचं सोडून फुलाच्या मागे लागतात. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, बी धरायची वेळ झाली. आता बोगदा काय करतो? मला वाटत होतं तो रोपांना "गरम ठेवतो". रात्री तर त्याने फारसा फरक पडतच नाही, आतली रात्र बाहेरच्यापेक्षा थोडीच उबदार. खेळ दुपारचा आहे. बंद बोगद्यात दुपारी पंचवीस-सव्वीस अंश होतात, आणि ती दुपारची ऊब रात्रीच्या थंडीची नोंद पुसून टाकते. रोज रात्री लिहिलं जातं, रोज दुपारी खोडलं जातं. म्हणून काका चारच्या आत बंद करायचे, आणि म्हणूनच फार उघडायचे पण नाहीत.

आणि मी काय मोजत होतो? सरासरी! रात्री चार आणि दुपारी सतरा, सरासरी साडेदहा. ग्राफवर छान दिसतं. पण रोपाला पुसायला लागणारी पंचवीसची दुपार त्यात कुठेच नाही. डेटा सगळा माझ्याकडे होता हो. दहा-दहा मिनिटांचा होता.

काकूंनी वहीत हिशोब केला. मिझुना आणि कोमात्सुना, दोन्ही तीन आठवडे पेट्यांमध्ये जायच्या होत्या. एप्रिल हा तिथे तसाही कडकीचा महिना असतो. हिवाळ्याचे मुळे-कोबी संपलेले, उन्हाळ्याचं काही आलेलं नाही. एका चांगल्या वाफ्यात अठ्ठावीस घरं भागत नाहीत. मी म्हटलं, पैसे मी भरतो. काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कळ्या खुडायला लागले.

म्हणजे असं, की जपानमध्ये वसंतात या कुळातल्या भाज्यांच्या कळ्या-दांडे खातात. 'नाबाना' किंवा 'नानोहाना' म्हणून दुकानात जुड्या मिळतात. फूल उमलायच्या आधी वरचा वीतभर दांडा तोडायचा, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढायचा, पिळायचा. थोडा कडवट लागतो. कोमात्सुनाचे दांडे खरंच छान निघाले. मिझुनाचे बारीक होते, बरेच फेकावे लागले.

पेटीबरोबर दर वेळी एक चिठ्ठी जाते. त्या आठवड्याची चिठ्ठी मी लिहायची असं ठरलं. मी माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत अर्धं पान माफी मागितली. काकांनी माफीवर काट मारली. म्हणाले, काय घडलं ते दोन ओळीत लिही आणि शिजवायचं कसं ते लिही, लोकांना त्याचा उपयोग आहे. मग मी लिहिलं की दाण्याचा कूट, थोडा सोया सॉस, चिमूटभर साखर. आपण भाजीत कूट घालतो तसंच तिथे तीळ वाटून किंवा शेंगदाणे कुटून भाजीला लावतात, त्यामुळे कोणाला विचित्र वाटलं नाही. काकू चव घेऊन म्हणाल्या, लसूण घाल म्हणून लिहायचं नव्हतं का? मी घाबरून लिहिलं नव्हतं.

सत्तावीस घरं राहिली. एका घराने मे महिन्यापासून पेटी बंद केली. कारण त्यांनी दिलं नाही, काकांनी विचारलं नाही.

मला याच्यावर जरा बोलायचंय. माझे मामा जुन्नरकडे कोथिंबीर-मेथी करतात. बाजारात जुडीला भाव मिळाला नाही तर तोडणीचा खर्च निघत नाही म्हणून उभ्या पिकात जनावरं सोडलेली मी लहानपणी पाहिलीत. तिथे पीक चांगलं आलं तरी माणूस मरतो. इथे पीक बिघडलं आणि सत्तावीस लोकांनी तेवढेच पैसे दिले. हे काही जपानी लोक देवमाणसं आहेत म्हणून नाही. याला मागे एक पद्धत आहे, 'तेइकेई' म्हणतात. १९७१ मध्ये तिथे सेंद्रिय शेतीची संघटना निघाली. औद्योगिक प्रदूषणामुळे मिनामातासारखे आजार होऊन गेलेले, फवारणीची भीती बसलेली. १९७८ मध्ये त्यांनी शेतकरी आणि खाणाऱ्यांनी एकमेकांशी कसं वागायचं याची दहा तत्त्वं लिहून काढली. त्यात आहे की किंमत दोघांनी मिळून ठरवायची, आणि ठरवून पिकवलेलं सगळं घ्यायचं. फुलावर आलेलं पण. अर्थात घर सोडून जाऊ शकतं, ते गेलंच.

आणि फार गोड चित्र पण रंगवत नाही. जपानमध्ये सेंद्रिय शेतजमीन एक टक्कासुद्धा नाही. सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं की २०५० पर्यंत ती २५ टक्के करायची. करणार कोण? २०२० च्या शेतीगणनेत तिथल्या मुख्य शेतकऱ्यांचं सरासरी वय ६७.८ निघालं. (हो, परत सरासरी.) काकांचा मुलगा ओसाकात नोकरी करतो. काकांकडे सरकारी सेंद्रिय प्रमाणपत्र पण नाही, त्यामुळे पेटीवर 'ऑर्गॅनिक' शब्द छापता येत नाही. पेरणीआधी किमान दोन वर्षं जमीन रसायनमुक्त ही अट ते कधीच पार करून बसलेत, पण कागदपत्रं आणि तपासणीची फी त्यांना परवडत नाही आणि आवडतही नाही.

मे महिन्यात आम्ही परत पेरलं. तेव्हा थंडीचा प्रश्न संपलेला असतो. जपानी पंचांगात वसंतारंभापासून अठ्ठ्याऐंशीवी रात्र मोजतात, २ मेच्या आसपास येते, त्यानंतर दहिवर पडत नाही असं धरतात. आपल्याकडे मृग-रोहिणी मोजतात तसंच. पण मग किडे येतात. द्राक्षावर उडद्या असतो ना, त्याचा एक बारका भाऊबंद मोहरीच्या कुळावर असतो. पानाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं. एक मिलिमीटरच्या जाळीतून तो आरामात जातो, ०.६ ची लागते. आणि त्याची अळी जमिनीत मुळं खाते, म्हणजे आधी मुळा-कोबी होता तिथेच पेरून वर जाळी लावली तर तुम्ही त्याला आतच कोंडलं. म्हणून ते वाफे गाजराच्या जागी घेतले. हे काकांनी पेरायच्या आधी सांगितलं आणि मी या वेळी काही मोजायला गेलो नाही.

नंतर एकदा ट्रकमध्ये बसल्यावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना मार्चमध्ये? मग थांबवलं का नाही?" ते म्हणाले, माहीत नव्हतं, भीती वाटत होती. पण तू एवढं मोजलं होतंस, मला वाटलं वर्षं बदलली असतील.

या वर्षी सेन्सर परत लावलेत. आता ते दिवसाचं सगळ्यात जास्त तापमान दाखवतात, आणि चार वाजता काकांच्या फोनवर घंटी वाजते की कागद बंद करा. काका म्हणतात घंटीच्या आधीच ते बंद करून आलेले असतात.

जाता जाता, पुण्यातून एकीने विचारलंय की मिझुना गॅलरीत येईल का. येईल. ऑक्टोबरच्या शेवटी ते जानेवारीपर्यंत पेरा, उन्हाळ्यात नादी लागू नका. वीतभर खोल कुंडी किंवा क्रेट, बी अगदी वरवर, अर्धा सेंटिमीटर मातीखाली. माती सुकू देऊ नका. पानं बोटभर लांब झाली की कात्रीने वरून कापा, खालचा गाभा ठेवा, परत फुटते. सकाळी लवकर कापा आणि लगेच गार पाण्यात टाका, नाहीतर दहा मिनिटांत मान टाकते. आणि फुलावर आलीच तर फेकू नका, लसणाची फोडणी द्या.