काठावरचं बदक

मायबापहो, तळ्याकाठी बदकं रांगेनं झोपतात. मधली दोन्ही डोळे मिटून. टोकाच्या बदकाचा मात्र बाहेरच्या बाजूचा डोळा बहुधा उघडा. त्याचा अर्धा मेंदू झोपतो, अर्धा पहारा करतो. आणि आपली आई? ढगांच्या गडगडाटात झोपेल, पण लेकरू कुरकुरलं की जागी!

वारीत मी चाळीस वर्षं निर्धास्त झोपलो. एका रात्री पावसानं जाग आली. पाहतो तर राहुटीच्या दाराशी झोपणारे म्हातारबाबा दोर धरून उभे.

म्हटलं, "माउली, झोपला नाहीत?"

"झोपलो की महाराज, एक कान जागा ठेवून."

तेव्हा कळलं, मी मधलं बदक. कुणीतरी काठावर असतो, म्हणून आपली झोप असते. आज तुम्ही काठावर झोपा. त्यांनाही एक रात्र मध्ये निजू द्या. रामकृष्णहरी!