रावबहादूर सीताराम केशव बोले : एका लोकप्रतिनिधीचे कार्य

(मंडळाच्या वार्षिक सभेत दिलेले व्याख्यान)



रावबहादूर बोले ह्यांचे नाव आपल्या भंडारी समाजात अभिमानाने घेतले जाते. तो अभिमान रास्तच आहे. परंतु ज्या ठरावामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात राहिले, त्या ठरावात भंडाऱ्यांचे हित साधणारे एक अक्षरही नाही. आपल्या ज्ञातीचा माणूस कायदे कौन्सिलात गेला आणि तेथे त्याने परक्यांच्या पाण्याची चिंता वाहिली, ही गोष्ट आजच्या श्रोत्यांपुढे प्रथम ठेवतो. कारण लोकप्रतिनिधीने ज्ञातीसाठी काय आणले, एवढाच हिशेब मांडण्याची सवय आपणांस अलीकडे जडली आहे.

बोले ह्यांचा जन्म 1868 सालचा. कौन्सिलात बसण्यापूर्वीच मुंबईतील गिरणी कामगारांत त्यांचा वावर होता. कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. 1907 साली भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याच्या अभिनंदनार्थ भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान बोले ह्यांनीच भूषविले होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्यांनी आपले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्यास ह्याच प्रसंगी भेट दिले.

आता मुख्य विषयाकडे येतो. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलाने बोले ह्यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने ह्यांचा उपयोग अस्पृश्य वर्गास करू द्यावा, असा त्याचा आशय होता. ह्या ठरावाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. त्यात धर्मशास्त्राचा वाद नाही, कोणाच्या दयेस आवाहन नाही. जे सर्वांच्या करातून उभे राहिले त्यावर सर्वांचा हक्क, इतका साधा व्यवहार त्यात आहे. ज्याच्याकडून पट्टी घ्यावयाची त्यास विहिरीवर येऊ द्यावयाचे नाही, ह्या रीतीचे समर्थन शास्त्राच्या आधारे कोणी करील. जमाखर्चाच्या आधारे ते करणे कठीण होते.

तथापि कौन्सिलाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. त्या काळच्या राज्यपद्धतीत असा ठराव सरकारास केलेली केवळ शिफारस असे. सरकारने सप्टेंबर 1923 मध्ये आपल्या खात्यांस त्याप्रमाणे वागण्याचा हुकूम काढला खरा, पण नगरपालिका आणि लोकल बोर्डे ह्यांना केवळ सल्ला देण्यात आला. सल्ला ऐकून घेण्यास पैसे पडत नाहीत! महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले, परंतु तळ्याचे पाणी मात्र अस्पृश्यांच्या ओंजळीत पडले नाही. इतरत्र तर जाहीर करण्याचीही तसदी पुष्कळांनी घेतली नाही.

येथे बोले ह्यांचा खरा स्वभाव दिसतो. ठराव संमत झाला, वर्तमानपत्रांत नाव छापून आले, आता आपले काम संपले, असे त्यांनी मानले नाही. 5 ऑगस्ट 1926 रोजी ते पुन्हा उभे राहिले आणि ज्या नगरपालिका व बोर्डे पूर्वीचा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे, अशी शिफारस त्यांनी कौन्सिलाकडून करवून घेतली. माझ्या मते पहिल्या ठरावापेक्षा हा दुसरा ठराव अधिक धीराचा होय. पहिल्यास होकार देणाऱ्यांस काही गमवावे लागत नव्हते; दुसऱ्याने गावोगावच्या प्रतिष्ठितांच्या हाती असलेल्या तिजोरीस हात घातला. त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांस पूजेचा अधिकार मिळावा म्हणून जी खटपट झाली, तीतही प्रबोधनकार ठाकरे आणि डॉ. आंबेडकर ह्यांच्याबरोबर बोले होते.

पुढील इतिहास आपण जाणताच. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर ह्यांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याच्या शुद्धीचा विधी झाला, आणि महाड नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. तो रद्द होण्याची तारीख 4 ऑगस्ट 1927, म्हणजे बोले ठरावास चार वर्षे पूर्ण झाली तो दिवस! प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल 17 मार्च 1937 रोजी लागला.

काही टीकाकार म्हणतात की बोले ह्यांचा ठराव कागदावरच राहिला. अंमलबजावणीपुरते ते खरे आहे. पण महाडास जाणाऱ्या सत्याग्रहींच्या हाती तोच कागद होता. आपण नवे काही मागत नसून कौन्सिलाने मान्य केलेलेच बजावीत आहोत, असे त्यांना म्हणता आले. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेचे पंधरावे कलम पाहा. सरकारी पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट व रस्ते ह्यांच्या वापरास जातीच्या कारणाने बंदी करता येणार नाही, असे ते सांगते. सार्वजनिक पैशाची तीच कसोटी तेथे आहे. ही घटना अमलात आलेली पाहून बोले 1961 साली निवर्तले.

2023 साली त्या ठरावास शंभर वर्षे पूर्ण झाली. कौन्सिलाच्या कामकाजाचे छापील खंड उपलब्ध आहेत. त्यांतील बोले ह्यांच्या भाषणांचे मराठी भाषांतर करण्यास आपल्यातील कोणी विद्यार्थी पुढे येईल तर मंडळाने त्याचा खर्च सोसावा, अशी माझी सूचना आहे. तसेच ज्या कुटुंबांत त्या काळची पत्रे, हस्तपत्रके वा सभांची निमंत्रणे जपून ठेवली असतील, त्यांनी ती नकलून घेण्यापुरती चिटणिसांकडे द्यावीत.