घराची ऊब आणि वार्धक्य



‘ऊब’ या शब्दात उष्णतेइतकीच मायाही सामावलेली आहे. वार्धक्यात मात्र ही ऊब प्रकृतीची निकड होऊन बसते. वय वाढते तसे शरीराला स्वतःचे तापमान राखणे कठीण जाते. गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. ओलसर भिंतींवरील बुरशीने श्वासाचे विकार बळावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सेल्सिअस तापमान असावे असे सुचविले. वृद्धांना त्याहून अधिक लागू शकते, हेही नमूद केले.

या संदर्भात न्यूझीलंडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे नव्या घरांना उष्णतारोधक आवरण १९७८ मध्ये सक्तीचे झाले. त्यापूर्वीची असंख्य घरे हिवाळ्यात गार आणि दमट राहत. फिलिपा हाउडन-चॅपमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,३५० कुटुंबांचा अभ्यास केला. निम्म्या घरांना आवरण आधी बसविले, उरलेल्यांना अभ्यासानंतर. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: शयनगृहाचे तापमान सरासरी अर्धाच अंश वाढले, परंतु ते १० अंशांखाली राहण्याचा काळ दररोज १.७ तासांनी घटला. ओलावा आणि इंधनाचा खर्च कमी झाला. छातीतील घरघर आणि डॉक्टरांकडील खेपा घटल्याचे रहिवाशांनी सांगितले.

पुढे २००९ मध्ये तेथील शासनाने आवरणासाठी अनुदान दिले. त्या योजनेवरील २०१७ च्या अभ्यासात, हृदय व रक्ताभिसरणाच्या विकारांसाठी पूर्वी रुग्णालयात राहिलेल्या, ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

हे आवरण स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. गोधडीच्या थरांत कोंडलेली हवा अंगाची ऊब राखते, तेच कार्य ते छतापाशी आणि जमिनीखाली करते. मात्र खोलीतील दमट हवा बाहेर जाण्यास वाट हवीच. नाहीतर बुरशी पुन्हा धरते.

ग्वाल्हेरसारख्या नगरात या विचाराला दुहेरी मोल आहे. येथील हिवाळा बोचरा आणि उन्हाळा दाहक. छतावरील योग्य आवरण पौषात ऊब राखते आणि वैशाखात स्लॅबची धग अडविते. घर दुरुस्तीस काढताना रंगाच्या आधी छताचा विचार व्हावा, आणि त्याचा आरंभ घरातील ज्येष्ठांच्या खोलीपासून व्हावा.