भिशीची चिठ्ठी आणि संमतीचा अंगठा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



जन्मभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने वैद्यकाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले की, वैद्यकसेवा हा चारचौघांसारखा बाजार नव्हे. देणाऱ्यास जे ठाऊक असते ते घेणाऱ्यास नसते. संशोधनात ही विषमता अधिकच वाढते.

आपल्या शेजारच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठा प्रयोग झाला. ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, चार गट पाडले गेले. तीन गटांत निरनिराळ्या तपासण्या. ३१,४८८ स्त्रियांच्या चौथ्या गटास नेहमीची सेवा. खेड्यात नेहमीची सेवा म्हणजे काय, हे आपण जाणताच! निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणू-चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. या ज्ञानाचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु चौथ्या गटातील स्त्रीला तिचे स्थान तिच्या बोलीत कसे समजावून द्यावे, हे डॉक्टरांना कोणी शिकविले होते? संवाद आणि नीती हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात रीतसर आला तो २०१९ च्या तुकडीपासून.

त्याच वर्षीच्या औषधचाचणी नियमांनुसार माहिती समजेल अशा भाषेत हवी. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्षपाती साक्षीदार हवा. कागद बिनचूक होतो. पण अडचण निव्वळ शब्दांची नाही. चिठ्ठी म्हणजे काय, हे भिशी लावणाऱ्या बाईस पक्के ठाऊक असते. डॉक्टर आपले औषध चिठ्ठीने ठरवील, हे मात्र तिला खरे वाटत नाही. डॉक्टर आपले भलेच पाहणार, या विश्वासाने ती अंगठा उठविते. म्हणून दोन वाक्ये उच्चारण्याचे धैर्य डॉक्टरांनी कमावले पाहिजे: “यांतले तुमच्यासाठी काय चांगले, ते मलाही ठाऊक नाही,” आणि “नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत.” मग गप्प बसून विचारावे, “घरी गेल्यावर काय सांगाल?”

हे शिकवावयास परदेशी तज्ज्ञ नकोत. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने जेमतेम अक्षरओळख असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले. गावाला समजेल असे बोलणे त्यांनी सिद्ध केले आहे. आपल्याच जिल्ह्यात, लोणीला, १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत संमतीच्या तोंडी परीक्षेस एखाद्या आरोग्यसेविकेला परीक्षक नेमावे. तिला समजले नाही, तर विद्यार्थी नापास. आणि मानधन प्राध्यापकाइतकेच द्यावे.